एका पावसाळ्याची फुलझाडे

वऱ्हाड प्रांताच्या जमाबंदीच्या कागदांतून कापूस, ज्वारी, तूर, जवस आणि तीळ यांची मोजदाद पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या काटेकोरपणाने होत आली. जिराईत कोणती, बागायत कोणती, विहिरीवर मोट आहे की नाही, जमीन काळी की बरड, याचा तपशील पाटील-पटवाऱ्यांनी लिहिला आणि वरच्या अंमलदारांनी तपासला. परंतु गावठाणातील घरामागे जी चार-दोन हात मोकळी जागा असे तिच्यावर सारा नव्हता, आणि ज्यावर सारा नाही त्याची दखल घेण्याचे कारण नाही, हा सर्व राजवटींचा समान दस्तूर असल्यामुळे त्या जागेत कोणते फूल कोणी आणि का लावले, हा इतिहास दफ्तराबाहेर राहिला. तो सणांच्या विधींत टिकला, उतरंडीतल्या गाडग्यांत टिकला आणि झाडांच्या स्वभावात टिकला. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव व त्याच्या भोवतीचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून त्यातला एक भाग, म्हणजे एका हंगामात उगवून, फुलून, बी टाकून मरणाऱ्या फुलझाडांचा भाग, येथे मांडावयाचा आहे.

महागाव आज तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वी ते पुसद तालुक्यात मोडे, आणि १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नवे नाव मिळेपर्यंत हा सारा भाग वाशीमच्या कचेरीकडे पाही. पुसदवरून येणारी पूस नदी या तालुक्यातून वाहत जाऊन पैनगंगेला मिळते, आणि पैनगंगेच्या पलीकडे, जेथे १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता, तेथे माहूरचा डोंगर व त्यावरील रेणुकेचे ठाणे आहे. जमीन बहुतेक काळी, कापसाची. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी. पाऊस जूनमध्ये येतो, सप्टेंबरअखेर ओसरतो, आणि त्यानंतर आठ महिने आकाशाकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. वैशाखात पारा बेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर चढतो, विहिरींचे तळ दिसू लागतात, आणि पिण्याच्या पाण्याची घागर जेथे मैलावरून आणावी लागते तेथे फुलझाडाला पाणी घालणे ही चैन ठरते. अशा मुलखात हौसेने फूल लावणाऱ्या गृहिणीने कोणते झाड निवडावे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर हवामानानेच देऊन ठेवलेले आहे: जे पावसाबरोबर येईल आणि पाऊस सरल्यावर आपला संसार आटोपता घेईल, तेच.

तथापि आपल्या जुन्या बागांची कल्पना अशी नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची सोळावी व सतरावी लेणी ज्यांच्या अमदानीत खोदली गेली त्या हरिषेणाच्या घराण्याचे हे ठिकाण महागावपासून फार लांब नाही. साधारण त्याच युगाच्या मागे-पुढे केव्हा तरी वात्स्यायनाने आपला ग्रंथ रचला, आणि त्यात गृहिणीच्या कर्तव्यांचे जे प्रकरण आहे त्यात घराशेजारच्या वाटिकेत काय लावावे याची यादी दिली. कुब्जक, आवळा, मल्लिका, जाई, कोरांटी, नवमालिका, तगर, नंद्यावर्त, जास्वंद: एकूण एक नाव झुडपाचे, वेलीचे किंवा वृक्षाचे. एकदा लावले की वर्षानुवर्षे घराबरोबर वाढणारे, आणि बहुतांशी सुगंधासाठी लावलेले. दरवर्षी बी पेरून उगवावयाचे असे त्या वाटिकेत काय होते, तर मुळा, पालक, काकडी, वांगे, कोहळा, भोपळा. त्यांचे बी वेळेवर धरून ठेवावे आणि वेळेवर पेरावे असेही वात्स्यायन बजावतो. म्हणजे बी राखण्याची विद्या गृहिणीच्या हाती तेव्हापासून होती, पण ती पोटाच्या कामी लागे. फुलांसाठी बी धरण्याची त्यास गरज दिसत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर केसांत फुले माळलेल्या स्त्रिया जागोजाग आहेत, आणि मध्ययुगीन मराठी कवितेतही मोगरा, जाई-जुई, चाफा, केवडा, कमळ यांचेच राज्य आहे. रंगासाठी पेरलेल्या, वास नसलेल्या फुलाला त्या दरबारात मुजऱ्याचाही मान नव्हता.

याचा अर्थ हंगामी फुले नव्हती असा मात्र नाही. ती होती, फक्त ती कोणी लावीत नसे. ज्वारीच्या शेतात कुरडूची रुपेरी-गुलाबी तुरे काढणारी रोपे फुकट उगवत, आणि निंदणीच्या बाया कोवळेपणी त्यांची भाजी करून मोकळ्या होत. त्याच कुळातला, तुऱ्याचा विस्तार होऊन मखमलीसारखा झालेला कोंबडा तेवढा परसात स्थान मिळवून बसला. तेरडा डोंगरउतारांवर आपण होऊन येई, आणि त्याच्या बोंडाला बोट लावताच ते फुटून बी चहूकडे उडे, त्यामुळे एकदा अंगणात शिरलेला तेरडा पुढल्या मृगात निमंत्रणावाचून हजर होई. कोकणात व देशावर गौरी म्हणून तेरड्याची रोपेच मुळासकट घरात आणण्याची चाल आहे. वऱ्हाडात मात्र भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा या महालक्ष्म्या मुखवट्यांच्या रूपाने, लुगडी नेसवून, धान्याच्या राशींवर उभ्या राहतात, आणि तेरडा त्यांच्या पायाशी आरास म्हणून येतो. मुख्य मान सोळा भाज्या, आंबील आणि पुरणाकडे जातो. तेरड्याचा रंग तीन दिवसांचा, हे मराठी माणसाने म्हणीतच नोंदवून ठेवले आहे. पण महालक्ष्म्याही तीनच दिवस राहतात, हे त्या म्हणीत कोणी मिळविले नाही, आणि माझ्या मते तेरड्यावर तो थोडा अन्याय आहे.

फुले पुरविण्याचे काम वेगळ्या हातांत होते. देवळाची पूजा गुरवाकडे, बेल व पत्री त्याच्याकडून. हार-गजऱ्यांचा धंदा फुलमाळ्यांचा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतांतील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात माळी समाजाच्या पोटभेदांत फुलमाळ्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. देवस्थानांच्या इनाम जमिनींतून क्वचित फुलबागही राखली जाई. सामान्य कुणब्याच्या घरी मात्र तुळस, एखादी जास्वंद, कण्हेर, पारिजातक असला तर भाग्य. आणि नवरात्रात घटावर रोज एक चढवावयाच्या नऊ माळांसाठी शेताकडे जावे लागे. तेथे त्या सुमारास कारळा फुललेला असतो. कारळ्याच्या पिवळ्या फुलांची, तिळाच्या पांढऱ्या-जांभळट फुलांची माळ घटावर घालण्याची चाल महाराष्ट्रात अनेक घराण्यांत अजून जिवंत आहे. आश्विनात देवीला पिवळा रंग वाहावयाचा, तो तेलबियांच्या शेतातून उचलून आणावयाचा, अशी ही जुनी व्यवस्था. एका परदेशी झाडाने पुढे जी जागा बळकावली ती नेमकी हीच.

ते झाड झेंडूचे. आज दसऱ्याला दारावर झेंडूचे तोरण नसेल तर घरात काही अशुभ घडले आहे काय, असे शेजारी विचारतील. इतका तो आपला झाला आहे, आणि म्हणून तो रामाच्या वेळेपासून येथे असावा असे मानणाऱ्यांचा मला राग येत नाही. परंतु त्याचे मूळ मेक्सिकोत आहे. तेथील अ‍ॅझटेक लोक त्याची फुले देवांना वाहत, त्याचा औषधात उपयोग करीत. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ते राज्य बुडविले आणि त्यानंतर वीस-एकवीस वर्षांतच, १५४२ साली, जर्मनीतील फुक्स या वैद्याने छापलेल्या वनस्पतिग्रंथात या कुळातील लहान झेंडूचे चित्र प्रसिद्ध झाले. पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होते. मिरची, अननस, काजू, पपई, सीताफळ ज्या गलबतांतून या किनाऱ्यावर उतरले त्याच वाहतुकीच्या ओघात झेंडूचे बी येथे पोहोचले. ते हलके, बारीक, लवकर उगवणारे. वाण्याच्या कनवटीला, यात्रेकरूच्या झोळीत, लमाणांच्या बैलांवरील गोणीच्या शिवणीतही सहज मावणारे. महागाव-पुसदच्या भागात बंजारा समाजाची वस्ती मोठी, आणि मीठ-धान्याची त्यांची वाहतूक किनारा व पठार यांना जोडणारी. तेव्हा झेंडूला वऱ्हाड गाठण्यास राजाज्ञेची गरज पडली नाही.

याच काळात, म्हणजे १५९६ मध्ये, वऱ्हाडचा सुभा अकबराच्या हाती गेला आणि अबुल फझलने आपल्या ऐन-इ-अकबरीत त्याची सरकारे व परगणे महसुलासह मांडले. त्याच ग्रंथात फुलांच्या दोन याद्या आहेत, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात असते. एका यादीत सुवासिक फुले, दुसरीत रूपाने मनोहर अशी फुले. प्रत्येकाचा रंग व फुलण्याचा मोसम पुढे लिहिलेला. वात्स्यायनाच्या वाटिकेत सुवासाचा वरचष्मा आहे. अबुल फझलच्या दफ्तरात केवळ रूपासाठी फुलाला स्वतंत्र रकाना मिळाला. बागेविषयीच्या अभिरुचीत जो पालट होत होता त्याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. मोगल उद्यानकलेत आखीव वाफे आणि त्यांतील रंगांचे पट्टे यांना महत्त्व होते, आणि वास नसूनही नुसत्या वर्णासाठी फूल लावण्याची प्रतिष्ठा त्या दरबारी चालीने वाढली. तिचे पडसाद देशमुखांच्या गढ्यांतून आणि पुढे नागपूरकर भोसल्यांच्या महाराजबागेसारख्या बागांतून उमटले, आणि तेथून खाली झिरपत ते सामान्य अंगणात आले. अठराव्या शतकात वऱ्हाडचा वसूल निजाम व भोसले यांच्यात वाटला जाई. या दोअमलीने रयतेची जी पिळवणूक केली ती केलीच, पण फुलांच्या बाबतीत दोन्हीकडची हौस प्रजेला बघावयास मिळाली.

आता झेंडूच येथे इतका का रुजला, हा खरा प्रश्न. केवळ पिवळा रंग म्हणावा तर कारळ्यालाही होता. मला जे कारण सर्वांत सबळ वाटते ते नकाशात आहे. मेक्सिकोच्या पठाराचा दक्षिण भाग आणि महागावचा परिसर ही दोन्ही स्थळे एकोणीस ते वीस अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येतात; दोहोंकडे पाऊस उन्हाळ्याच्या अखेरीस येऊन चार महिने पडतो आणि शरदात थांबतो; दोहोंकडे दिवस लहान होऊ लागण्याची वेळ आणि पाऊस सरण्याची वेळ एकच. झेंडू हे लहान होत जाणाऱ्या दिवसांनी फुलोऱ्यास उद्युक्त होणारे झाड आहे. आषाढात लावलेले रोप श्रावण-भाद्रपदात पाने वाढवते, फांद्या फोडते, आणि रात्र दिवसाहून मोठी होऊ लागली की कळ्यांनी लहडून जाते. रात्र-दिवस समान होण्याचा तो बिंदू आणि आपले नवरात्र यांत थोड्याच दिवसांचे अंतर असते. मेक्सिकोत याच फुलांनी नोव्हेंबरच्या आरंभी पितरांचे स्मरण करतात, त्यांच्या पाकळ्यांनी वाट आखतात. येथे तीच फुले त्याआधी काही आठवडे शस्त्रांना, औतांना, बैलगाड्यांना आणि आता ट्रॅक्टरांना वाहिली जातात. एका गोलार्धातून दुसऱ्या गोलार्धात येताना या झाडाला आपले पंचांग बदलावे लागले नाही. ते आले तेव्हा दसरा त्याची वाट पाहतच होता.

हीच कसोटी लावली म्हणजे अमेरिकेतून आलेल्या बाकीच्या फुलांचेही भाग्य उलगडते. झिनिया मेक्सिकोचा, गटिंगेनचा अध्यापक झिन, जो १७५९ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास वारला, त्याचे नाव या झाडास मिळाले, पण झाडाचा मोसम आपल्या पावसाळ्याशी जुळला. कॉसमॉसही तिकडचाच, आणि त्याचा पिवळा-नारिंगी प्रकार तर इतका सुखावला की अंगणाचे कुंपण ओलांडून रस्त्याच्या कडेने आणि टेकड्यांवर रानोमाळ पसरला. बागेतले फूल रानात गेल्याचे हे उदाहरण वनस्पतिशास्त्रज्ञांना काळजीचे वाटते, आणि ती काळजी रास्त आहे. तांबड्या चांदणीसारख्या फुलांची गणेशवेल उष्ण अमेरिकेतली. ती भाद्रपदात कुंपणावर चढते आणि नावाने गणपतीच्या पदरी रुजू झाली आहे. मखमलीची वाटोळी जांभळी फुले मध्य अमेरिकेकडची. वाळली तरी रंग न सोडणारी, म्हणून माळेत दिवसेंदिवस टिकणारी.

गुलबक्षीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. काटेकोरपणे ती हंगामी नव्हे, कारण तिचा कंद जमिनीत जिवंत राहतो. पण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात वरचा सारा पसारा जळून जातो आणि मृगाच्या सरीबरोबर कंदातून वा गळलेल्या काळ्या मिरीएवढ्या बियांतून ती पुन्हा उभी राहते, त्यामुळे व्यवहारात तिची गणना पावसाळी फुलांतच झाली. तीही उष्ण अमेरिकेतली. दुपार ढळली की तिची फुले उमलतात आणि सकाळच्या उन्हाने मिटतात. आता भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात मुलींची भुलाबाई बसते. भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, ज्वारीच्या धांड्यांचा मखर, दिवेलागणीला घरोघर फिरून गाणी, आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत हलवून ओळखण्याचा खेळ. हा सारा सोहळा संध्याकाळचा. सकाळी खुडलेले फूल तोवर कोमेजलेले असते. जे फूल संध्याकाळी ताजे मिळते ते गुलबक्षीचे, आणि तेही मुलींच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. तिच्या फुलांच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून सुई-दोऱ्यावाचून वेणी होते, ही कला महाराष्ट्रातल्या मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. कार्ल कोरेन्स या जर्मन संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी याच झाडाच्या ठिपकेदार पानांवरून आनुवंशिकतेचा एक महत्त्वाचा नियम शोधला. एकाच झाडावर तांबडे, पिवळे आणि दुरंगी फूल कसे येते, हे कोडे भुलाबाईच्या मुलींनाही पडे. त्यांनी त्याचे उत्तर शोधले नाही एवढेच, कारण त्यांना वेणी गुंफावयाची होती.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांतास जोडण्यात आले. या पन्नास वर्षांत अंगणाचा एक निराळाच नमुना येथे दाखल झाला, तो डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यापुढचा. चुन्याने रंगवलेल्या विटांची तिरकस कड, मुरुमाचा रस्ता, मध्ये गोल वाफा, आणि त्यात विलायती हंगामी फुले: पॅन्सी, स्वीट पी, लार्कस्पर, हॉलीहॉक, नास्टर्शियम, पिटुनिया, फ्लॉक्स. गणेशखिंडच्या सरकारी उद्यानाचे अधीक्षक वुड्रो यांचे हिंदुस्थानातील बागकामावरचे पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक आवृत्त्यांतून साहेबलोकांच्या हाती होते. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या पेस्तनजी पोचा यांच्या पेढीसारख्या बीजविक्रेत्यांची सूचिपत्रे टपालाने दूरदूर जात, आणि व्ही. पी. ने मागविलेली पुडकी पुढे मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे यवतमाळला जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीने किंवा डाकेच्या टांग्याने या मुलखात येत. पुडक्यावर रंगीत चित्र असे. फूल पाहण्याआधी फुलाचे चित्र पाहून निवड करण्याची ही पद्धत येथे अगदी नवी होती, आणि चित्रातल्यासारखे फूल न आल्यास बियाण्याला दोष देण्याची पद्धतही तिच्याचबरोबर आली.

या फुलांची बाग आश्विनअखेर पेरावयाची, मार्गशीर्ष-पौषात फुलवावयाची आणि फाल्गुनात उपटून टाकावयाची. म्हणजे ज्या महिन्यांत आकाशातून थेंब पडत नाही नेमक्या त्याच महिन्यांत तिला रोज पाणी हवे. साहेबाच्या बंगल्यावर पाणक्या होता, माळी होता, सरकारी विहीर होती. महागावच्या कुणब्याच्या घरी त्या महिन्यांत कापूस वेचणीला आलेला असतो, घरची सर्व माणसे, पोरे धरून, शेतात. गाड्या जिनिंगकडे चाललेल्या. तूर कापणीला आलेली. विहिरीचे पाणी गहू-हरभऱ्याला पुरले तर पुरले. शिवाय त्या काळात मोठा सणही नाही, संक्रांत आणि महाशिवरात्र सोडली तर. आणि महादेव बेलावर संतुष्ट. तेव्हा स्वीट पी कितीही सुगंधी असली तरी तिला येथे यजमान नव्हता. फ्लॉक्सची कथा तर करुण आहे. स्कॉटलंडच्या ड्रमंड नावाच्या वनस्पतिसंग्राहकाने टेक्सासात हालअपेष्टा सोसून त्याचे बी गोळा केले, ते इंग्लंडला धाडले आणि १८३५ मध्ये तो स्वतः क्यूबात मरण पावला. त्याच्या फुलाने सगळे जग जिंकले, सरकारी विश्रामगृहांचे व कचेऱ्यांचे वाफे सजविले. पण पैनगंगेच्या खोऱ्यातील परसाची वेस त्याला ओलांडता आली नाही.

हे सांगताना इंग्रजी बागेचा उपहास करण्याचा हेतू नाही. तिने दोन गोष्टी दिल्या आणि त्या टिकल्या. एक, शाळेची बाग: मराठी शाळांच्या आवारात दगडांची कड करून वाफे आखण्याची, रांगेत रोपे लावण्याची, प्रत्येक वर्गास वाफा वाटून देण्याची चाल, आणि त्या वाफ्यांतून झिनिया, कॉसमॉस, गलांडा मुलांच्या खिशांतून घरोघर गेले. गलांडा हा उत्तर अमेरिकेचा, तांबड्या-पिवळ्या कडांचा, रेताड व हलक्या जमिनीतही तग धरणारा. ज्यांची घरे बरडावर होती त्यांना तो फार सोयीचा पडला. दुसरी गोष्ट, निचऱ्याचा विचार. काळी माती श्रावणझडीत चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते आणि झेंडूचे कोवळे रोप बुडख्याशी कुजते. वरंबा करून, मुरूम व शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच उचलावा, हे शेतात ठाऊक होते. ते फुलांसाठीही करावे, हे शाळेच्या बागेने शिकविले.

तरी निवडीची खरी सत्ता गृहिणीच्या हाती राहिली, आणि तिचे निकष कोणत्याही सूचिपत्रात छापलेले नव्हते. न्हाणीचे पाणी जेथवर जाते तेथवर कर्दळ आणि अळू. त्याच्या कडेला कोंबडा व गुलबक्षी. जेथे पाणी पोचत नाही तेथे पावसावर येणारा झेंडू व तेरडा. आणि दगडांच्या फटीत मादागास्करची सदाफुली, जिला कोणी लावले असे कोणाला आठवत नाही आणि जी वैशाखातही मरत नाही. जनावर ज्याला तोंड लावील ते दाराशी नको. झेंडूच्या पानांना उग्र वास असल्यामुळे गाई-शेळ्या सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि मोकाट ढोरांच्या गावात हा गुण रंगाहून मोठा. देवाला चालेल ते आधी, केसांत माळावयाचे ते मग. माहूरच्या रेणुकेला तांबडे-पिवळे हवे, म्हणून तेच रंग या भागात अधिक. हंगाम सरताना सर्वांत टपोऱ्या फुलाला चिंधी बांधून ते झाडावरच वाळू द्यावयाचे, चोळून बी काढावयाचे, राखेत घोळून गाडग्यात किंवा पुरचुंडीत बांधून उतरंडीच्या वरच्या मडक्यात ठेवावयाचे. लेक सासरी निघाली की भाजीपाल्याच्या बियांबरोबर ही पुरचुंडीही जाई, आणि त्या वाटेने एका गावचा डेरेदार झेंडू दुसऱ्या गावी पोचे. मधमाश्या व फुलपाखरे शेजारच्या अंगणातला पराग आणून टाकीत, त्यामुळे दोन-चार वर्षांत रंग मिसळत, फुले एकेरी पडू लागत. मग कोणाकडे दाट फूल आहे याची चौकशी होई आणि मूठभर बी मागून आणले जाई. वात्स्यायनाने भाज्यांसाठी सांगितलेली बीजरक्षा अशा रीतीने फुलांना लागू झाली, ती परदेशी फुले आल्यानंतर.

स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते, शेतीच्या सुधारणेचा त्यांना ध्यास होता, आणि त्यांच्याच कारकीर्दीत १९६९ साली अकोल्यास पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ स्थापन झाले. झेंडू आता परसातून शेतात गेला. कापसाच्या बोंडअळीचा पतंग झेंडूच्या फुलांवर अंडी घालणे पसंत करतो, म्हणून कापसात सापळा पीक म्हणून झेंडूच्या ओळी लावाव्यात, अशी शिफारस कृषिखात्याने केली. त्याच्या मुळांतील द्रव्याने जमिनीतले सूत्रकृमी कमी होतात हेही सिद्ध झाले. देवघरातून निघालेले फूल कपाशीच्या रक्षणास उभे राहिले.

आज नागपूर-तुळजापूर महामार्ग महागावावरून जातो, आणि जुलैत रोपवाटिकांचे ट्रे त्यावरून येतात. कोकोपीटमध्ये वाढवलेले, ‘कलकत्ता’ म्हणून विकले जाणारे संकरित झेंडूचे रोप एकसारखे, दाट, घट्ट पाकळ्यांचे, दसऱ्याला हमखास फुलणारे. गाडग्यातल्या बियाण्याशी त्याची स्पर्धा होऊ शकत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. भाव दसऱ्याच्या आदल्या दिवशी चढतात आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला ढीग टाकून शेतकरी घरी जातात, हाही त्या यशाचाच भाग. परंतु संकरित झाडाचे बी धरले तर पुढल्या वर्षी ते मूळ गुणांनी उतरत नाही: काही रोपे उंच, काही ठेंगणी, निम्मी फुले एकेरी. म्हणून ते कोणी धरीत नाही. चारशे वर्षांपूर्वी गोणीच्या शिवणीतून आलेला झेंडू या मुलखातल्या बायकांनी स्वतःच्या निवडीने आपलासा केला होता. ती निवड आता रोपवाटिकेच्या मालकाकडे गेली आहे. तेरडा आणि गुलबक्षी यांची रोपे तो सहसा ठेवीत नाही, कारण त्यांना गिऱ्हाईक नाही. आणि गिऱ्हाईक नाही म्हणूनच त्यांचे बी अजून घरचे आहे.